३२ खेळाडू, दोन टेबलं, अडीच दिवस

अण्णांनी साडेपाचला क्यू जोडला आणि सव्वासहाला तो परत पेटीत ठेवला. गेल्या वर्षी आमच्या स्नूकर पार्लरच्या स्पर्धेत ते खेळले ते एवढंच. पहिली फेरी, एकच फ्रेम म्हणजे एकच डाव, समोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा. टेबलावर फक्त सहा गुणांचा गुलाबी आणि सात गुणांचा काळा उरला होता आणि अण्णा पाच गुणांनी पुढे होते. पोराने गुलाबी मधल्या पॉकेटवर मारला. तो दोन्ही जबड्यांवर खडखडला, बाहेर आला आणि अर्धं टेबल पालथं घालून कोपऱ्यातल्या पॉकेटात जाऊन पडला. काळा समोरच होता.

अण्णा काही बोलले नाहीत. टेबलाला हात लावला, पोराला हात दिला आणि काउंटरपाशी येऊन मालकांना म्हणाले, "एंट्री अडीचशे आणि खेळ पाऊण तासाचा. त्यापेक्षा पार्क चौकात जाऊन भेळ खाल्ली असती, पोट तरी भरलं असतं."

अण्णांचे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे माग आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. सेफ्टी, म्हणजे बचावाचा फटका, अशी खेळतात की समोरच्याला पांढरा चेंडू दिसतो, लाल दिसतो, पण दोन्ही एका रेषेत कधी दिसत नाहीत. त्यांच्याशी फ्रेम लावायची तर आमची पोरं आधी खिसा चाचपतात, कारण टेबलाचे पैसे हरणारा देतो. असा माणूस एका घरंगळलेल्या गुलाबीवर बाहेर पडला, हे पार्लरमधल्या कुणालाच पटलं नव्हतं. जिंकलेल्या पोरालाही नाही.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून यंदाचा तक्ता लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मालक म्हणाले, "सर, पोरांना सरासरी शिकवता ना? मग असं काहीतरी करा की चांगला खेळणारा शेवटपर्यंत टिकेल. आणि टेबलं रविवारी रात्री नऊला मोकळी पायजेत." ही दोन वाक्यं एकमेकांच्या किती विरोधात आहेत, हे त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हतं. मलाही पूर्ण कळलेलं नव्हतं.

आधी हाताशी काय होतं ते सांगतो. प्रवेशिका ३२, टेबलं दोन. बाद पद्धतीत ३१ सामने होतात, कारण विजेता सोडून प्रत्येकाला एकदा हरायचंच असतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते अकरा, शनिवारी सकाळी दहा ते रात्री अकरा, रविवारी दहा ते नऊ असे ३० तास. दोन टेबलांचे ६०. त्यातून जेवणं, कापड ब्रश करून इस्त्री फिरवणं, उशिरा येणारे आणि अंतिम सामना चालू असताना रिकामं राहणारं दुसरं टेबल वजा केलं की ५० तास उरतात. आमच्याकडे एक फ्रेम सरासरी ४० मिनिटं चालते. अण्णा असतील तर तासभर.

आता गंमत पाहा. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये १९७७ पासून व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. तिच्या मुख्य फेरीतही ३२ च खेळाडू असतात, सामनेही ३१ च. आणि टेबलंही दोनच, मध्ये पडदा टाकलेली. उपांत्य फेरीपासून तर एकच. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची आणि विजापूर रोडवरच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या पार्लरची मांडणी सारखीच. फरक एवढाच की त्यांच्याकडे १७ दिवस असतात. त्या १७ दिवसांत पहिली फेरी १९ फ्रेमची (म्हणजे आधी दहा घेणारा जिंकतो), दुसरी आणि उपांत्यपूर्व २५ ची, उपांत्य ३३ ची आणि अंतिम सामना ३५ फ्रेमचा. सगळे सामने शेवटच्या फ्रेमपर्यंत गेले तर बेरीज ७०५ होते. गेल्या वर्षीची आमची बेरीज ३१ होती.

इतक्या फ्रेम लागतात कशाला, हा मालकांचा पहिला प्रश्न. उत्तरादाखल मी त्यांना दोन सामने सांगितले.

पहिला १९८५ चा अंतिम सामना. स्टीव्ह डेव्हिस तेव्हा गतविजेता आणि जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, समोर उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर, ते मोठे उलटे चष्मे घालणारा. डेव्हिसने पहिल्या आठही फ्रेम घेतल्या. आठ-शून्य. तो सामना १५ फ्रेमचा असता तर तिथेच संपला असता आणि आज कुणाला त्याची आठवणही नसती. पण सामना ३५ चा होता. टेलर सरकत सरकत १७-१७ वर आला. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली. टेलर ४४-६२ असा मागे असताना टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा उरले होते, म्हणजे चार, पाच, सहा आणि सात मिळून २२ गुण. जिंकायला चारही हवेत. त्याने पहिले तीन घेतले आणि सगळा सामना एका काळ्यावर आला. मग दोघांनीही तो काळा आळीपाळीने हुकवला. डेव्हिसने एक बारीक कट हुकवला आणि टेलरने काळा घातला. सबंध सामन्यात टेलर प्रथमच पुढे गेला तो त्या शेवटच्या चेंडूवर. ब्रिटनमध्ये तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसले होते.

दुसरा सामना अलीकडचा, २०२३ चा उपांत्य सामना. चीनचा २० वर्षांचा सी जियाहुई बेल्जियमच्या लुका ब्रेसेलविरुद्ध १४-५ ने पुढे होता. १७ फ्रेम घेणारा जिंकणार. ब्रेसेलने सलग ११ फ्रेम घेतल्या आणि सामना १७-१५ ने काढला. क्रूसिबलवर नऊ फ्रेमची पिछाडी त्याआधी कुणीही भरून काढली नव्हती. पुढे अंतिम सामन्यात त्याने मार्क सेल्बीला १८-१५ ने हरवलं आणि तो विजेता झाला. इथेही तेच: सामना १९ फ्रेमचा असता तर सी जियाहुई आरामात जिंकला असता.

मालक म्हणाले, "मग जास्त फ्रेम म्हणजे मागे पडलेल्याचा फायदा." ही समजूत पुष्कळांची आहे आणि ती अर्धीच बरोबर आहे. जास्त फ्रेमचा फायदा होतो तो दर फ्रेमला थोडा सरस असणाऱ्याला. तो आधी पुढे आहे की मागे, याच्याशी फ्रेमच्या संख्येला काही देणंघेणं नसतं. टेलर त्या सामन्यात पहिल्या आठ फ्रेम सोडून उरलेल्या २७ पैकी १८ जिंकला होता. खराब सुरुवात झाकून जाईल इतका मोठा सामना त्याला मिळाला.

हे कागदावर मांडायला सोपं आहे. एखादा खेळाडू दर फ्रेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरू. एका फ्रेमच्या सामन्यात तो ६० टक्के वेळा जिंकेल. तीन फ्रेमच्या सामन्यात ६५, पाचच्या ६८, सातच्या ७१, नऊच्या ७३. ३५ फ्रेमच्या सामन्यात ८८ च्या पुढे. एका सामन्यात फरक लहान वाटतो. पण विजेत्याला पाच सामने ओळीने जिंकायचे असतात. दर वेळी समोरचा तितकाच कमी धरला, तरी एकेका फ्रेमच्या स्पर्धेत असा खेळाडू १०० पैकी आठदाच करंडक उचलेल. तीन-तीन फ्रेम केल्या तर ११ वेळा. क्रूसिबलच्या मांडणीत सुमारे ४५ वेळा. खेळाडू तोच, हात तोच.

वर्गात हे गणित मी कितीदा तरी केलं आहे, पण नाण्यावर. नाण्याला अडीचशे रुपये एंट्री नसते, त्यामुळे पोरं जांभया देतात. काउंटरवर मालकांनी कॅल्क्युलेटर काढून माझा आकडा तपासला.

मधल्या पल्ल्याची स्पर्धा कशी असते, हे मी आणि अण्णांनी २०१६ मध्ये हैदराबादला जाऊन पाहिलं होतं. इंडियन ओपन ही व्यावसायिक मानांकन स्पर्धा (जिचे निकाल जागतिक क्रमवारीत धरले जातात) भारतात पाच वेळा झाली: २०१३ ला नवी दिल्ली, २०१५ ला मुंबई, २०१६ ला हैदराबाद, २०१७ ला विशाखापट्टणम आणि २०१९ ला कोची. सोलापूरकराला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि अण्णांचे निम्मे पाहुणे तिकडचे, त्यामुळे मुक्कामाची काळजी नव्हती. जुलैचे दिवस होते, आषाढी एकादशी सहा दिवसांवर आली होती, आणि वारीच्या दिवसांत आपण उलट्या दिशेला निघालो म्हणून अण्णांच्या घरी दोन दिवस बोलणी चालली होती.

अंतिम सामन्यात अँथनी मॅकगिलने कायरन विल्सनला ५-२ ने हरवलं. लांबून बघताना मला पॉट, म्हणजे पॉकेटात पडणारे चेंडूच, दिसत होते. अण्णा पांढरा चेंडू कुठे थांबतो ते बघत होते आणि दर दोन मिनिटांनी माझ्या मांडीवर चापट मारत होते. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "पहिल्या फ्रेमला टेबल कळतंय, दुसऱ्याला समोरचा कळतोय. खेळ तिसऱ्यापासून. आपल्याकडं तिसरी येतच नाही."

त्या स्पर्धेचे सामने सात फ्रेमचे असत आणि अंतिम नऊचा. पाच स्पर्धांचे पाच वेगळे विजेते: डिंग जुनह्वी, मायकल व्हाइट, मॅकगिल, जॉन हिगिन्स आणि मॅथ्यू सेल्ट. यातल्या व्हाइट, मॅकगिल आणि सेल्ट या तिघांची ती कारकिर्दीतली पहिली मानांकन विजेतेपदं. छोट्या सामन्यांची स्पर्धा नव्या माणसाला दार उघडते, ते असं. आपल्या आदित्य मेहतालाही ते २०१३ मध्ये उघडलं. उपांत्य सामन्यात स्टीफन मॅग्वायरला हरवून तो अंतिम फेरीत गेला. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. तिथे गाठ पडली डिंगशी, जो त्या शरद ऋतूत ओळीने तीन मानांकन स्पर्धा जिंकला. निकाल ५-०. पाचही अंतिम सामने पाहा: ५-०, ५-०, ५-२, ५-१, ५-३. नववी फ्रेम एकदाही खेळावी लागली नाही. छोटा सामना म्हणजे चुरशीचा सामना, असं आपल्याला उगाच वाटतं. पाच सामन्यांवरून नियम काढायचा नसतो, हे मी वर्गात सांगतो, म्हणून इथे गप्प बसतो.

तर आता आमचा तक्ता. सगळीकडे तीन फ्रेम ठेवल्या, तर सामन्याला सरासरी अडीच फ्रेम धरून ३१ सामन्यांना जवळपास ५२ तास लागतात. हाताशी ५०. आणि एवढं करून अंतिम सामनाही तीनच फ्रेमचा. पाच-पाच केल्या तर ८५ तास. प्रवेशिका १६ वर आणायला मालक तयार नव्हते, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. बक्षिसाची रक्कम त्याच अडीचशेंमधून उभी राहते.

कुणीतरी शूट आउटचं नाव काढलं. ब्रिटनमधली ही स्पर्धा १२८ जणांना चार दिवसांत एका टेबलावर उरकते: सामना एका फ्रेमचा, फ्रेम दहा मिनिटांची, पहिली पाच मिनिटं दर फटक्याला १५ सेकंद आणि नंतर दहा. २०१७ मध्ये तिला मानांकनाचा दर्जा मिळाला आणि त्या वर्षी ती जिंकली आपल्या हैदराबादवाल्या मॅकगिलनेच. पण दहा सेकंदांत अण्णांचा चॉकसुद्धा लावून होत नाही. विषय तिथेच मिटला.

मी काढलेला तोडगा सहा लालचा होता. सिक्स-रेड हा स्नूकरचाच मान्य प्रकार. पंकज अडवाणीने त्याचं जागतिक अजिंक्यपद २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं लागोपाठ जिंकलं आहे. लाल १५ ऐवजी सहा, बाकी नियम बहुतेक तेच. आमच्याकडे अशी फ्रेम १६-१७ मिनिटांत संपते. म्हणजे जिथे १५ लालची दीड फ्रेम होते, तिथे सहा लालच्या साडेतीन होतात. पहिल्या दोन फेऱ्यांचे २४ सामने सहा लालवर, पाच फ्रेमचे. उपांत्यपूर्व फेरीपासून १५ लाल: आधी तीन फ्रेम, उपांत्य पाचच्या, अंतिम सातची. बेरीज ४२ तास. आठ तास शिल्लक! लाल कमी म्हणजे सरस खेळाडूची आघाडीही थोडी कमी होणार, हे मी धरलं होतं. ६० ऐवजी ५७ टक्के. तरी पाच फ्रेममध्ये ते ६३ पर्यंत जातात. एका फ्रेमच्या ६० पेक्षा बरं आणि अण्णांना तिसरी फ्रेम नक्की. मी खूश होतो. मालक तर त्याहून.

शुक्रवारची सगळी संध्याकाळ वेळापत्रकाप्रमाणे गेली, ही आमच्या पार्लरच्या इतिहासातली पहिलीच वेळ. अण्णा पहिला सामना ३-१ ने जिंकले. शनिवारी दुपारी दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर आला तोच गेल्या वर्षीचा पोरगा. चिठ्ठ्या मालकांच्या मुलीने काढल्या होत्या, तेव्हा संशयाला जागा नाही. एव्हाना पोरगा तिसऱ्या वर्षाला गेला होता आणि हात बराच सुधारला होता.

अण्णा ३-१ ने हरले. पन्नास मिनिटांत. या वेळी घरंगळलेला गुलाबी नव्हता, कुठलाच चेंडू नव्हता. पोराने तीन फ्रेममध्ये एकेकदाच संधी मिळवली आणि तेवढ्यात काम केलं. संध्याकाळी स्कोअरचे कागद घेऊन बसलो तेव्हा माझी चूक मला दिसली, आणि ती अंकगणिताचीच होती.

१५ लालच्या फ्रेममध्ये कुणी पाच लाल (एकेक गुणाचे) आणि प्रत्येकामागे एक असे पाच काळे घालून ४० चा ब्रेक केला, म्हणजे एका पाळीत ४० गुण काढले, तर टेबलावर अजून १० लाल उरतात: काळ्यांसह ८० आणि वर रंगांचे २७, म्हणजे १०७ गुण. समोरच्याला सगळं आयुष्य पडलेलं असतं. तोच ब्रेक सहा लालमध्ये केला, तर उरतो एक लाल, एक काळा आणि रंग: ३५ गुण. म्हणजे समोरच्याला आता स्नूकर लावून, म्हणजे पांढऱ्याची सरळ वाट अडवून, फाउल काढावे लागणार. चाळिशीचा एक ब्रेक आणि फ्रेम खल्लास. आमच्या पार्लरमध्ये शतक ही वर्षा-दोन वर्षांतून एकदा सांगायची गोष्ट, पण ३०-४० काढणारी पोरं आठ-दहा आहेत. सहा लालने त्या सगळ्यांना अण्णांच्या बरोबरीला आणून बसवलं. शिवाय अण्णा राहतात ते लालच्या गर्दीत. पांढरा लालच्या थव्यामागे नेऊन ठेवायचा, समोरच्याला चुकायला लावायचं, दहा मिनिटं काहीच घडू द्यायचं नाही. सहा लाल एकदा फुटले की लपायला थवाच उरत नाही.

मी ६० चे ५७ टक्के धरले होते, जणू लाल कमी केल्याने सगळ्यांच्या कौशल्याला सारखीच कात्री लागेल. पण लाल कमी केल्याने पोराचं कौशल्य वाढलं आणि अण्णांचं निम्मं झालं. जास्त फ्रेम खेळवून मी उत्तर नेमकं करायला गेलो आणि प्रश्नच बदलून बसलो. कोण सरस, हे ठरवायच्या आधी कशात सरस, हे मी लाल मोजताना ठरवून टाकलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.

रविवारी त्याची दुसरी बाजू दिसली. पोरगा उपांत्यपूर्व फेरीत २-१ आणि उपांत्य फेरीत ३-२ असा धापा टाकत अंतिम फेरीत आला. तिथे समोर रेल्वेत नोकरी करणारा, चाळिशीतला, फार न बोलणारा खेळाडू. पहिली फ्रेम पोराची. तिथून पुढे रेल्वेवाल्याने चेंडू सोडणंच बंद केलं. दर वेळी पांढरा मागच्या कुशनला चिकटलेला, समोर सगळे लाल, आणि घालण्यासारखा एकही नाही. पोरगा लांबचे पॉट मारत राहिला, दोन बसले, पाच चुकले. निकाल ४-१. मागे खुर्चीवर बसलेले अण्णा दर सेफ्टीला मान डोलवत होते. आणि मला दिसत होतं की पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही एका विषयाची परीक्षा घेतली आणि शेवटच्या तीन फेऱ्यांत दुसऱ्या. पोरगा पहिल्या विषयात पहिला आला होता, म्हणून त्याला दुसऱ्याच्या पेपरला बसवलं. अण्णा दुसऱ्या विषयाचे, ते पहिल्यातच नापास.

बक्षीस समारंभ पावणेनऊला संपला. टेबलं नऊला मोकळी. मालकांच्या लेखी स्पर्धा झकास झाली होती. पोरांच्या लेखीही, कारण गेल्या वर्षी १६ जण एक फ्रेम खेळून घरी गेले होते आणि यंदा प्रत्येकाला किमान तीन मिळाल्या. हे मी कमी लेखत नाही. अडीचशे रुपयांत पोराला तासभर खेळायला मिळालं, हाही हिशोबच आहे. पण मला दिलेलं काम ते नव्हतं.

अण्णा चिडले नव्हते, हे मला जास्त लागलं. खाली टपरीवर चहा घेताना म्हणाले, "सर, हरायचं दुःख नाही. मागच्या वर्षी नशिबानं हरलो, या वर्षी खेळून हरलो. पण माझा खेळ कुठं खेळलो बे मी?" अण्णा मला कधी 'बे' म्हणत नाहीत.

नंतर दोन आठवडे आम्ही पुढच्या वर्षाचा कागद रंगवतो आहोत. यातली सगळ्यात साधी सूचना अण्णांचीच: शेफील्डमध्ये तरी ३२ जण आभाळातून कुठे पडतात? तिथे १६ मानांकित थेट येतात आणि बाकीचे १६ पात्रता फेऱ्यांतून झगडून येतात, त्या फेऱ्या वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी होतात. आपणही पात्रता आधीच्या चार आठवड्यांत, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी उरकायची. सगळं १५ लालवर, तीन फ्रेमचं. त्यातून १६ जण निघतील. मग त्या अडीच दिवसांत सामने फक्त १५ उरतात आणि ते पाच-पाच फ्रेमचे केले, अंतिम सामना सातचा केला, तरी ४२ तासांत बसतात. मी बेरीज तीनदा तपासली. बसतात.

अडचण मालकांची आहे. संध्याकाळी सात ते दहा हाच त्यांचा धंद्याचा वेळ. चार आठवडे, आठवड्याला दोन संध्याकाळी, दोन्ही टेबलं, म्हणजे नेहमीची गिऱ्हाइकं त्या आठही दिवशी दुसरीकडे जाणार आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. शिवाय पात्रतेत हरलेल्याची अडीचशेची एंट्री परत करायची की ठेवायची, यावर तर आवाज चढले. पात्रतेसाठी शंभर आणि मुख्य फेरीला दीडशे, असं मी सुचवलं. त्यावर अजून हो नाही आणि नाहीही नाही.

आत्तापर्यंत मालकांनी बुधवार सोडला आहे. गुरुवार द्यायला ते तयार नाहीत, कारण गुरुवारी संध्याकाळी अण्णाच आपल्या पाच-सहा मित्रांना घेऊन खेळायला येतात आणि तो दिवस सोडायला अण्णाही तयार नाहीत.